नळातून फेसच फेस: चेस्ट फ्रीझरच्या ड्राफ्ट डिस्पेन्सरची उन्हाळी तक्रार

तक्रार दरवर्षी जवळपास त्याच शब्दांत येते. हिवाळ्यात चेस्ट फ्रीझर घेतला, आत बिअरचे केग (दाब सहन करणारी स्टीलची पिंपं) ठेवले, फ्रीझर आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट म्हणजे कॉलर बसवली, तिच्यात दोन नळ लावले, आणि फेब्रुवारीपर्यंत ग्लास अगदी हवा तसा भरत होता. होळी झाली, घरोघरी कुलर बाहेर निघाले आणि नळातून फेस यायला लागला. तीन भाग फेस, एक भाग बिअर. मग सिलिंडरमधून केगमध्ये जाणाऱ्या गॅसचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरची चावी थोडी मागे घेतली. एक-दोन दिवस बरं वाटलं. पुन्हा फेस. चावी आणखी मागे. आता फेसही येतो आणि खालची बिअरही मिळमिळीत लागते.

नागपुरात ही तक्रार एप्रिल ते जूनमध्ये सगळ्यात जास्त असते आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, तर हमखास. कारण बहुतेक वेळा प्रेशर नसतंच. कारण असतं केग आणि नळ यांच्या तापमानातला फरक. त्यामुळे या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: थर्मामीटर लावून तपासल्याशिवाय प्रेशरच्या चावीला हात लावू नका.

पुढे जाण्याआधी कायद्याचं एकदाच सांगून ठेवतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं आणि बाळगणं गुन्हा आहे, आणि घरची बिअर त्यातून सुटत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे, तेव्हा केग गाडीत टाकून तिकडून जाण्याचा विचारही करू नका. हेच यंत्र संत्र्याचा सोडा, जिंजर एल किंवा कोकम सोड्यासाठीही चालतं. फेसाचं शास्त्र सगळ्यांना सारखंच आहे. आकडे कुठे बदलतात ते त्या-त्या जागी दिलं आहे.

प्रेशर कमी केल्यानं फेस का वाढतो

थंड बिअर वायू धरून ठेवते, गरम बिअर सोडून देते. नेहमीच्या बिअरमध्ये एका लिटरमागे साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तेवढा वायू आत राहावा यासाठी प्रत्येक तापमानाला ठराविक दाब लागतो (पीएसआय हे दाबाचं एकक, रेग्युलेटरच्या गेजवर तेच असतं):

२ अंश सेल्सिअसला १० पीएसआय
४ अंशांना १२
६ अंशांना साधारण १३.५ ते १४
८ अंशांना १५.५
१० अंशांना १७.५
१५ अंशांना २२.५

आता तुमचा केग ४ अंशांवर आहे आणि रेग्युलेटर १२ वर. हिशेब बरोबर. पण कॉलरमधला पाइप आणि नळ १५ अंशांवर असतील, तर तिथे पोचलेल्या बिअरला वायू धरून ठेवायला २२.५ पीएसआय हवेत आणि मिळतात १२ किंवा त्याहूनही कमी. दहा पीएसआयची तूट. वायू पाइपातच सुटतो, बुडबुडे होतात आणि नळ उघडला की फेस बाहेर पडतो. अशा वेळी तुम्ही प्रेशर ६ वर आणलंत तर तूट दहाची सोळा होते. शिवाय केगमधली बिअरही काही दिवसांत त्या ६ पीएसआयशी जुळवून घेते आणि लिटरमागे अडीच लिटरचा वायू दोन लिटरच्याही खाली उतरतो. फेस तसाच, चव गेलेली. सुरुवातीचे एक-दोन दिवस बरं वाटतं ते फक्त प्रवाह मंदावल्यामुळे.

पारदर्शक पाइप असेल तर हे डोळ्यांनी दिसतं. झाकण उघडा आणि नळाजवळच्या पाइपात पाहा. बिअर अखंड भरलेली हवी. मध्येमध्ये वायूचे पोकळ तुकडे दिसले, तर वायू पाइपातच सुटतो आहे. म्हणजे दाब कमी आहे किंवा पाइप गरम आहे. दाब जास्त असल्याचं ते लक्षण नाही.

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. त्यामुळे गेजवर अर्धा पीएसआय जास्त ठेवावा लागतो, एवढंच. त्याची चिंता सोडा.

तीन ग्लासांची तपासणी

स्वयंपाकघरात वापरतात तो सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. आधी त्याचीच परीक्षा करा: बारीक फोडलेला बर्फ आणि थोडं पाणी ग्लासात घालून पाच मिनिटं ठेवा, सुई बुडवा. शून्य दिसायला हवं. एखाद्या अंशाचा फरक असेल तर तो लक्षात ठेवा.

नळ निदान दोन तास वापरलेला नसावा. तीन सारखे ग्लास थंड पाण्यानं विसळून घ्या. ग्लास बर्फाच्या खान्यात ठेवू नका, कारण काचेवर जमलेल्या हिमाच्या कणांवरही फेस उठतो. नळ एका झटक्यात पूर्ण उघडून पाठोपाठ तीन ग्लास भरा आणि प्रत्येकात लगेच सुई बुडवून तापमान लिहून ठेवा.

पहिला ग्लास तिसऱ्यापेक्षा दोन अंशांहून जास्त गरम असेल आणि फेस मुख्यतः पहिल्यातच असेल, तर दोष वरच्या भागात आहे: नळ, शँक (कॉलरमधून आरपार जाऊन पाइप आणि नळ जोडणारी धातूची नळी), कॉलरमधला पाइप.

तिन्ही ग्लास सारख्याच तापमानाचे, पण सहा-सात अंशांचे असतील, तर केगच पुरेसा थंड नाही. तापमानाचा कंट्रोलर आणि फ्रीझरकडे पाहा.

तिन्ही ग्लास ३-४ अंशांचे असूनही प्रत्येकात फेस असेल, तरच पाइपची लांबी, जास्त भरलेला वायू, घाण किंवा रबर यांची पाळी येते.

पहिल्या ग्लासात फेस किती येतो यावरूनही बरंच कळतं. आतून ४.८ मिमी असलेल्या तीन मीटर पाइपात साधारण ५५ मिलि बिअर मावते. फेस पहिल्या पन्नास-साठ मिलिपुरता असेल आणि मग बिअर स्वच्छ येत असेल, तर फक्त पाइपात उभी राहिलेली बिअर तापली होती. अर्धा ग्लास गेल्यावरही फेस थांबत नसेल, तर दोष पाइपापुरता नाही.

दोष वरच्या भागात असेल तर

नागपुरातल्या दहा तक्रारींपैकी बहुतेक इथेच सुटतात, म्हणून इथे सावकाश वाचा.

चेस्ट फ्रीझरची रचनाच अशी की थंड हवा तळाला बसून राहते. थंड करणाऱ्या नळ्या भिंतींच्या आत असतात. आपण वर जी लाकडी कॉलर बसवतो तिच्यात एकही नळी नसते. कंपनीनं दिलेल्या भिंतीत जाड फोम असतो, कॉलरमध्ये फक्त लाकूड. बाहेर ४५ अंश, तळाला ३ अंश आणि कॉलर या दोघांच्या मध्ये. हिवाळ्यात खोली २० अंशांची असते तेव्हा हा फरक खपून जातो, उन्हाळ्यात नाही.

पहिला उपाय पंखा. जुन्या संगणकाचा ८० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा आणि १२ व्होल्टचा कुठलाही चांगला अडॅप्टर. पंखा नुसता तळाशी ठेवून उपयोग होत नाही, तो तीच थंड हवा तिथेच फिरवत बसतो. प्लंबर वापरतात तो ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या. खालचं टोक तिरपं कापा म्हणजे तळाला टेकूनही हवा आत जाईल. वरचं टोक कॉलरच्या मध्यापर्यंत, शँकच्या जवळ आणा आणि त्यावर पंखा असा बसवा की तो खालची हवा ओढून थेट शँकवर सोडेल. पंखा चोवीस तास चालू राहू द्या, कंप्रेसरबरोबर चालू-बंद करू नका. वीज दोन-तीन वॅट लागते. पंखा लावल्यावर चार-पाच तासांनी तीन ग्लासांची तपासणी पुन्हा करा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

दुसरा उपाय कॉलरचं आवरण. २५ मिमी लाकडाच्या आत किमान ५० मिमी एक्सपीएस (दाट फोमची) शीट हवी. साधा पांढरा थर्माकोल चालतो, पण तो ओल धरतो आणि दोन पावसाळ्यांत भुगा व्हायला लागतो. शीटच्या सांध्यांमध्ये सिलिकॉन भरा. लाकूड फ्रीझरच्या काठावर जिथे टेकतं तिथेही सिलिकॉनची सलग रेघ हवी. झाकणाचं मूळ रबर कॉलरच्या वरच्या काठावर नीट बसतं का, हे कागदानं तपासा: झाकणात कागदाचा तुकडा धरून बंद करा आणि ओढा. तो सहज निघाला तर तिथून गरम हवा आत येते. चारही बाजूंनी, दर वीतभर अंतरावर हे करून पाहा. बिजागऱ्यांची बाजू बहुतेकदा नापास होते, कारण कॉलर बसवताना बिजागरी दोन-तीन मिमी उंच लागते.

शँकबद्दल एक चूक वारंवार दिसते. शँकचं आतलं टोक आणि त्याचा नट लोक फोमनं गुंडाळून टाकतात. हे उलटं काम आहे. शँक धातूचा आहे. आतलं टोक उघडं असेल तर पंख्याची थंड हवा त्याला लागते आणि गारवा धातूतून बाहेरच्या नळापर्यंत पोचतो. आवरण कॉलरला द्यायचं, शँकच्या आतल्या टोकाला नाही. २५ मिमी लाकूड आणि ५० मिमी शीट धरली तर शँक किमान १०० मिमी लांब हवा, नाहीतर नट शीटमध्येच बुडतो. छिद्र २३ ते २५ मिमीचं. नवा होलसॉ (गोल छिद्र पाडणारी करवत) आणि शीट लागली तर इतवारीच्या लोहा ओळीपासून शोधायला सुरुवात करा.

पाइपाचं वेटोळं कुठे ठेवलं आहे तेही पाहा. लांब पाइप गुंडाळून कॉलरला टांगला असेल तर तो सगळ्यात गरम जागी आहे. वेटोळं खाली, केगच्या डोक्यावर ठेवा आणि शेवटचा फक्त वीतभर पाइप वर नळाकडे जाऊ द्या.

कॉलरऐवजी झाकणावर नळांचा उभा टॉवर बसवलेला असेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात त्याची कटकट कॉलरपेक्षा जास्त. टॉवरच्या आत २५ मिमीची लवचिक नळी टोकापर्यंत घालून त्यातून पंख्याची हवा सोडावी लागते. ते केल्याशिवाय पहिला ग्लास सुधारत नाही. अजून काही कापलं नसेल तर कॉलरच करा. आणि फ्रीझरच्या मूळ भिंतीला मात्र कधीही छिद्र पाडू नका. थंड करणाऱ्या नळ्या आतल्या बाजूनं आणि बहुतेक मॉडेलमध्ये गरम नळ्या बाहेरच्या पत्र्यामागून जातात. एक छिद्र पडलं की गॅस गेला आणि फ्रीझर भंगारात.

केगच गरम असेल तर

फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट उणे तापमानासाठी बनलेला असतो, म्हणून बाहेरून कंट्रोलर लावतात. बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो एसटीसी-१०००. घेताना २२० व्होल्टचा आहे का पाहा, कारण तसाच दिसणारा १२ व्होल्टचाही मिळतो. त्याच्या मागे १ आणि २ क्रमांकावर वीज, ३ आणि ४ वर सेन्सर, ५ आणि ६ वर गरम करण्याचा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच), ७ आणि ८ वर थंड करण्याचा. फ्रीझर ७-८ वर जोडायचा. ५-६ वर जोडला तर गार झाल्यावर फ्रीझर चालू होतो आणि सगळं गोठतं. हीही चूक होते. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, अर्थिंग पक्कं ठेवा आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असू द्या. आत पाणी साचणारं यंत्र आहे हे.

सेटिंग असं: एफ१ म्हणजे हवं ते तापमान, ३ किंवा ४. एफ२ म्हणजे फरक, तो १ ठेवा. एफ३ म्हणजे कंप्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीची मिनिटं, ते १० करा. एफ४ म्हणजे सेन्सरची दुरुस्ती: सेन्सर बर्फाच्या पाण्यात ठेवून जितका फरक दिसेल तितका. फ्रीझरच्या मूळ थर्मोस्टॅटची घुंडी सगळ्यात थंड टोकाला फिरवून ठेवा, नाहीतर दोन थर्मोस्टॅट एकमेकांशी भांडतात.

सेन्सर हवेत लटकत असेल तर झाकण उघडलं की कंप्रेसर सुरू, पाच मिनिटांत बंद, पुन्हा सुरू. हवा गार होते, बिअर नाही. सेन्सर भरलेल्या केगच्या बाजूला, मध्याच्या उंचीवर चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि वरून तळहाताएवढा फोमचा तुकडा लावा. केग बदलताना सेन्सर रिकाम्या केगवर राहून गेला, तर दुसऱ्या केगचं तापमान भरकटतं. ही गोष्ट साधी आहे, पण फार वेळा विसरली जाते.

सगळं बरोबर असूनही तापमान उतरत नसेल, तर फ्रीझर कुठे ठेवला आहे ते पाहा. मागच्या पट्टीवर हवामान वर्ग लिहिलेला असतो. एसटी म्हणजे बाहेर ३८ अंशांपर्यंत, टी म्हणजे ४३ अंशांपर्यंत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या शेडखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत त्याहूनही वर. टी वर्गाचा फ्रीझरही तिथे कायम चालू राहून हरतो. तो तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीच्या खोलीत आणा आणि चारही बाजूंनी १० ते १५ सेंटिमीटर जागा सोडा. बाहेरचा पत्रा हात लावल्यावर गरम लागतो, कारण फ्रीझर आतली उष्णता तिथूनच बाहेर टाकतो. त्यावर चादर, पेपर, पोती टाकू नका.

उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि लाइन जाते-येते. स्टॅबिलायझर लावा. एफ३ ची दहा मिनिटं लाइन परत आल्यावरही कामी येतात, कारण कंट्रोलर चालू झाल्याबरोबर कंप्रेसर लगेच सुरू करत नाही. लाइन दोन-चार तास गेली तर झाकण उघडू नका. भरलेले दोन केग स्वतःच बराच वेळ गारवा धरून ठेवतात.

आणि नवा केग. खोलीत ३८ अंशांवर असलेला १९ लिटरचा केग ४ अंशांवर यायला किमान चोवीस तास लागतात, उन्हाळ्यात छत्तीस धरा. बाहेरचं स्टील हाताला थंडगार लागतं तेव्हाही मधली बिअर दहा-बारा अंशांवर असू शकते. सकाळी ठेवलेल्या केगचा नळ त्याच संध्याकाळी उघडला तर फेस येणारच, आणि त्यात यंत्राचा दोष नाही.

तापमान बरोबर, तरी फेस

आता पाइप. केगमधला १२ पीएसआयचा दाब नळापर्यंत येता-येता पाइपातच खर्च व्हायला हवा. वर चढायला दोन फुटांमागे जेमतेम एक पीएसआय जातो, बाकीचं काम घर्षणाचं. आतून ४.८ मिमी, म्हणजे ३/१६ इंच व्हिनाइल पाइप असेल तर तीन मीटर घ्या. आतून ४ मिमीचा पाइप असेल तर दोन ते अडीच मीटर. पाण्याच्या फिल्टरला लागतो तो पाव इंची पाइप आतून साधारण ४ मिमीचाच असतो आणि दाबून बसणाऱ्या फिटिंगमध्ये नीट बसतो, म्हणून बरेच जण तो वापरतात. चालतो. पण त्याच दुकानातला पाऊण बोटाएवढा ३/८ इंची पाइप घेतलात, तर तो आतून सहा मिमीच्या वर असतो आणि मग कितीही लांब घेतला तरी बिअर उसळून बाहेर येते. सुरुवातीला पाइप लांब ठेवा. अर्धा लिटर भरायला आठ ते दहा सेकंद लागत असतील तर तो तसाच राहू द्या. पंधराच्या वर जात असेल तर तीस-तीस सेंटिमीटर कापत या. कापलेला पाइप परत जोडता येत नाही.

सोड्याचं गणित वेगळं. संत्र्याच्या किंवा जिंजर सोड्यात लिटरमागे साडेतीन लिटर वायू हवा असतो. ४ अंशांना त्यासाठी साधारण २२ पीएसआय लागतात आणि पाइप सहा मीटरच्या आसपास. बिअर आणि सोडा एकाच रेग्युलेटरवर, एकाच दाबावर चालवायचा प्रयत्न केला की दोन्हीपैकी एक बिघडतंच. दुसरा रेग्युलेटर लावा किंवा सोड्याच्या लाइनवर प्रवाह कमी-जास्त करता येणारा नळ बसवा. संत्र्याचा रस असेल तर मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. गराचे कण केगच्या पॉपेटमध्ये, म्हणजे तोंडाच्या छोट्या झडपेत, अडकतात आणि प्रत्येक कणावर बुडबुडा धरतो.

वायू जास्त भरला गेला असेल तर ग्लासात बारीक, टणक फेस येतो आणि पाइपात पोकळ तुकडे दिसत नाहीत. हे बहुतेक घाईतून होतं: ३० पीएसआयवर चोवीस तासांत वायू भरायचा आणि मग चावी १२ वर आणायची राहून जाते. उतरवायचं असेल तर गॅसचा डिसकनेक्ट (केगवर चढवायची जोडणी) काढा, सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून वरचा दाब सोडा, चार-सहा तासांनी पुन्हा. दिवसातून तीन-चार वेळा असं एक-दोन दिवस केलं की बिअर जागेवर येते. वेळ असेल तर मुळात घाई करूच नका. ४ अंश, १२ पीएसआय, सात ते दहा दिवस: यात वायू जास्त भरला जाण्याची शक्यताच उरत नाही.

बिअर थांबत-थांबत, फुरफुरत येत असेल आणि केग अजून जड असेल, तर लिक्विडच्या डिप ट्यूबवरची (केगच्या तळापर्यंत जाणाऱ्या नळीवरची) छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, पाहा. ती चिरली की केगमधला वरचा गॅस थेट बिअरच्या पाइपात शिरतो. रिंग क्षुल्लक किमतीची असते, दोन जास्तीच्या ठेवा. तिला खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्यानं काही रबर फुगतं.

स्वच्छतेला पर्याय नाही. पाइपाच्या आत बिअरचा दगडासारखा थर आणि यीस्ट बसतं, त्या खडबडीत जागेवर वायू सुटतो. दर दोन आठवड्यांनी सोडियम परकार्बोनेटवर आधारलेलं क्लीनर, पाकिटावर दिलेल्या मापानं कोमट पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं पाइपात ठेवा आणि मग साध्या पाण्यानं धुवा. तीन महिन्यांतून एकदा आम्लाचं द्रावण. अल्कली आणि आम्ल एकत्र करू नका, मध्ये पाणी चालवा. नळ पूर्ण उघडून ठेवा आणि पुढचं तोंड काढून ब्रशनं घासा. उन्हाळ्यात नळाच्या तोंडाशी वाळलेला थेंब एका दिवसात आंबतो आणि चिलटं जमतात.

भरण्याची पद्धत: नळ अर्धवट उघडला की फेस येतोच, कारण अरुंद फटीतून वायू फुटतो. एकदम पूर्ण उघडा, ग्लास तिरपा धरा आणि तोही एकदम बंद करा.

पावसाळ्यातलं पाणी

जूनच्या अखेरीस फेस कमी होतो आणि तळाला पाणी दिसायला लागतं. ४ अंशांवर चालणाऱ्या फ्रीझरमध्ये भिंतीवर प्रत्येक फेरीत हिम धरतं आणि विरघळतं. झाकण जितक्या वेळा उघडाल तितकी ओल आत. कुलर चालू असलेल्या खोलीतही हेच होतं, म्हणून कुलरचा झोत फ्रीझरवर घेऊ नका. तळाचा ड्रेन प्लग आठवड्यातून एकदा काढा, कापडानं पुसा आणि अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत टाका. रंग बदलला की ते मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतं. पंखा आणि अडॅप्टरचा जोड तळापासून उंच ठेवा. लाकडावर बुरशी दिसली तर सांध्यातलं सिलिकॉन निघालं आहे.

सिलिंडर

गॅस सिलिंडर फ्रीझरच्या आत ठेवला की मोठ्या गेजचा काटा एकदम उतरतो आणि लोक गळती समजून घाबरतात. गळती नसते. २१ अंशांना भरलेला सिलिंडर ८४० पीएसआयच्या आसपास दाखवतो, ३ अंशांना साधारण ५३०. आतला द्रव संपेपर्यंत काटा तिथेच राहतो आणि मग झपाट्यानं पडतो. म्हणून काट्यावर विसंबू नका, वजन करा. सिलिंडरच्या खांद्यावर रिकामं वजन ठोकलेलं असतं, ते वजा केलं की गॅस किती आहे ते कळतं.

सिलिंडर बाहेर ठेवला असेल तर उन्हात अजिबात नको. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहतच नाही आणि दाब फार वेगानं चढतो. ४५ अंशांच्या गच्चीवर गळ्यापर्यंत भरलेला सिलिंडर म्हणजे जिवाशी खेळ. भरून घेताना ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरू देऊ नका आणि गॅस खाद्य दर्जाचाच मागा. वेल्डिंगवाल्याकडच्या सिलिंडरमध्ये आधी काय होतं हे कुणी सांगत नाही.

१९ लिटरच्या एका केगमध्ये वायू भरायला आणि तो रिकामा करायला मिळून साधारण १६० ग्रॅम गॅस लागतो. दोन किलोच्या सिलिंडरवर दहा-बारा केग व्हायला हवेत. चार-पाच केगांतच तो संपत असेल तर गळती आहे. भांड्याच्या साबणाचा दाट फेस प्रत्येक जोडावर लावा: रेग्युलेटरचा नायलॉन वायसर, गॅस पोस्ट (केगचं गॅस आत घेणारं तोंड), केगच्या झाकणाची मोठी रिंग. झाकणाची रिंग थंड झाल्यावर आकसते, म्हणून नवा केग बसवल्यावर एकदा ३० पीएसआय देऊन ती बसू द्या, मग नेहमीच्या दाबावर या. आणि रात्रभर गळती झाल्याची शंका असेल तर झाकण उघडून दहा मिनिटं थांबा, खिडकी उघडी ठेवा, मगच आत वाका. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि फ्रीझरच्या तळाशी साचून राहतो.